तपकीर आणि करंगळी

आमचे सासरे कोरेगावात पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "आमची थोरली सून युनिव्हर्सिटीत हाय." समोरच्यानं "मास्तरीण का?" असं विचारलं की ते जरा घुटमळायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "न्हाई. रद्दीत हाय."

मी त्यांना पुष्कळ समजावलं. "मामंजी, अभिलेखागार म्हणायचं. मी अभिलेखपाल आहे." त्यांनी दोन-चारदा तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग एकदा मी भाजी घेऊन येत होते, तर पारावरून आवाज आला, "आवं, रद्दीच. पर कुलपातली."

पुढे नोकरीभर मोठमोठ्या परिषदांत अभिलेखागाराच्या लांबलचक व्याख्या ऐकल्या. पण कुलपातली रद्दी ही व्याख्या काही कुणाला मोडता आली नाही. ग्रंथालयात पुस्तकं असतात, ती वाचली जावीत म्हणून लिहिलेली असतात. आमच्याकडचे कागद कुणी वाचावे म्हणून लिहिलेले नसतात. रजा हवी म्हणून, कुणावर तरी डाफरायचं म्हणून, वसतिगृहातल्या आमटीची तक्रार म्हणून ते लिहिलेले असतात. लिहिणारा जातो, आमटीही जाते, कागद राहतो. तो झाडायचा, सरळ करायचा, रुमालात बांधायचा आणि कुणीतरी विचारायला येईल म्हणून वाट बघत बसायचं. रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं फडकं. नवीन शिपायाला "रुमाल आण" म्हटलं की तो खिशातला काढून द्यायचा.

आमचं विद्यापीठ साताऱ्याहून सांगलीकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही; का, ते पुढं कळेलच. त्याचे संस्थापक तात्यासाहेब. त्यांनी आधी बहिऱ्या मुलांची शाळा काढली, तिला जोडून चित्रकलेचा आणि छपाईचा वर्ग काढला, मग कॉलेज, आणि त्यांच्या मागं त्याचंच विद्यापीठ झालं. त्यामुळं माझ्या ताब्यात तीन प्रकारचा माल होता. एक विद्यापीठाचा इतिहास, म्हणजे मुख्यतः भांडणं. दुसरं चित्रकला वर्गाची कामं, म्हणजे जाहिराती, मुखपृष्ठं, नक्षीकाम. आणि तिसरं बहिऱ्या शाळेच्या पेट्या, ज्यांच्यावर माझ्या आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "मुले. ओळख नाही."

आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एका गावचे पुढारी आले. दोन माणसं बरोबर, पांढरेशुभ्र कपडे. त्यांना त्यांच्या बी.ए.च्या गुणांची नोंद बघायची होती. बघितली. बराच वेळ बघितली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, ह्यात दुरुस्ती व्हईल काय?" मी म्हटलं, "इथं शाईचा डागसुद्धा दुरुस्त करत नाही आम्ही." त्यांनी मान डोलावली, माणसांना बाहेर पाठवलं, आणि आणखी हळू आवाजात विचारलं, "मग हरवता येईल का?"

दुसरे एक निवृत्त सुभेदार. कॉलेजच्या हॉकी संघाच्या फोटोत आपण आहोत, नातवाला दाखवायचंय, म्हणून सकाळपासून बसले. फोटो सापडला. त्यात सुभेदार कुठंच नव्हते. शेवटी त्यांनी भिंग घेतलं आणि ओरडले, "हा काय! हा कान!" कप्तानाच्या खांद्यामागून खरोखरच एक कान डोकावत होता. तो त्यांचाच याबद्दल त्यांच्या मनात जराही शंका नव्हती. त्या कानाची मोठी प्रत काढून घेऊन, कडक सॅल्यूट ठोकून गृहस्थ निघून गेले.

पण मला सांगायचंय ते ह्यांच्याबद्दल नाही. मला सांगायचंय लक्ष्मीबाईंबद्दल, आणि त्यासाठी आधी एका कोटाबद्दल सांगावं लागेल.

तात्यासाहेबांचा काळा कोट माझ्याकडे काचेच्या कपाटात होता. दर जयंतीला तो बाहेर काढून ब्रशनं साफ करायचा, हे माझं काम. आणि दर जयंतीला मला शिंका यायच्या. एक-दोन नव्हे, चांगली माळ. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. मजा म्हणजे बाकीच्या धुळीनं मला काही व्हायचं नाही. जुनाट रुमाल सोडले, उंदरांनी कुरतडलेली दप्तरं झाडली, नाकाला काही नाही. कोट हातात घेतला की सुरू. मी ह्याचा विचार केला नाही. तात्यासाहेब निर्व्यसनी होते हे त्यांच्या चरित्राच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. त्यांची जयंती आमच्याकडे व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शिंका आवरत मी शपथ घेतलेली आहे.

दुसरं बोधचिन्ह. गेटवर, पदवीवर, कँटीनच्या कुपनावर, सगळीकडे तेच. वर उचललेला एक हात, अंगठा आणि तर्जनी जुळलेली, बाकीची बोटं उभी, त्यातली करंगळी मात्र जरा वाकडी. चिमटीच्या खाली तीन ठिपके. आमच्या मराठीच्या विभागप्रमुखांनी ह्यावर एक लेख लिहिला होता. आम्ही त्यांना पाठीमागं भाष्यकार म्हणायचो, कारण त्यांना नुसता चहा दिला तरी ते त्याचा अर्थ सांगत. त्यांच्या मते हात म्हणजे ज्ञानमुद्रा, तीन ठिपके म्हणजे श्रम, शील आणि शिक्षण, आणि वाकलेली करंगळी म्हणजे विद्येनं येणारा विनय. हे नव्या मुलांकडून पाठ करून घेतलं जायचं. पाहुण्यांना मीही ते गोड आवाजात ऐकवत असे. काय करणार, पोटासाठी!

तर "मुले. ओळख नाही" ह्या पेट्या मला टोचत होत्या. शेकडो फोटो, पोरांचे हसरे चेहरे, आणि नावं नाहीत. बिननावाचा फोटो म्हणजे आमच्या धंद्यात मेलेला कागद. मी शाळेमार्फत जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडला की या, चहा प्या, फोटो बघा आणि नावं सांगा.

आले की! जतहून आले, कोरेगावहून आले, एस.टी.नं, मुलांच्या मोटरसायकलवर मागं बसून. सगळे साठी-सत्तरीतले. वाचनकक्षात बसले आणि सगळे एकदम बोलायला लागले. हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. शिपाई धावत माझ्याकडे आला. "मॅडम, आत लय गोंगाट चाललाय."

"अरे, आवाज कुठाय?"

"आवाज न्हाई. पर बघवंना!"

त्यांच्यात लक्ष्मीबाई होत्या. जतच्या. इरकली लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चेहरा असा की आत्ताच कुणाची तरी खोडी काढून आल्यात. बरोबर त्यांची मुलगी रेखा. ती शिरवळला कारखान्यात कामाला, आणि तिला ऐकू येत होतं, त्यामुळं आई आणि जग यांच्यामधली ये-जा तिच्याकडे. मी सवयीनं म्हणून गेले, "मुक्या माणसांना फार त्रास झाला असेल नाही पूर्वी?" रेखानं मला तिथंच अडवलं.

"मुकी? कोण मुकी? आवं मॅडम, आमच्या आईला गप करायचं म्हंजे घरातली लाईट घालवाय लागती!"

तिनं हे आईला सांगितलं. लक्ष्मीबाईंनी अभिमानानं मान हलवली.

त्या दिवशी मला नावांची गंमत कळली. बहिऱ्या माणसाला हाकेचं नाव काय कामाचं? म्हणून त्यांच्यात प्रत्येकाला एक खूण असते. कुणाच्या गालावर तीळ, तर गालावर टिचकी हीच त्याची हाक. कुणी लंगडतं, कुणाची वेणी लांब. जे डोळ्यांत भरतं ते नाव. त्यात लाजायचं नाही आणि रागवायचंही नाही. चहा येईस्तोवर मलाही नाव मिळालं होतं. जयंती जवळ आली म्हणून त्या सकाळीच मी कोट साफ केला होता, आणि पाहुणे आले तेव्हा माझ्या शिंका सुरू होत्या. तेव्हापासून त्या मंडळींत मी शिंक.

रेखाला कारखान्यातून फोन आला म्हणून ती व्हरांड्यात गेली. तेवढ्यात लक्ष्मीबाईंनी एका फोटोवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताची करंगळी वर केली. आता करंगळी वर करण्याचा अर्थ आपल्याकडे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतो. मी लगबगीनं उठले, म्हाताऱ्या बाईची गैरसोय नको म्हणून त्यांच्या कोपराला धरलं आणि थेट बाथरूमच्या दारात नेऊन उभं केलं. लक्ष्मीबाईंनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, जरा विचार केला, आणि माझं मन मोडायला नको म्हणून आत जाऊन आल्या. पुन्हा फोटोपाशी आल्यावर पुन्हा करंगळी! मी मनात म्हटलं, वय झालंय, चालायचंच. पुन्हा नेलं.

रेखा परत आली तेव्हा तिनंच तो फोटो उचलला. "हे आमचं आबा. बिराप्पा. चित्रकलेच्या वर्गातलं. लय हुशार हात हुता." मी लगेच फोटोच्या पाठीमागं पेन्सिलीनं नाव लिहिलं. बिराप्पा मेंढपाळाच्या घरातले, लहानपणी शाळेत आले, पुढं छापखान्यात नोकरी केली, शाळेतल्याच लक्ष्मीबाईंशी लग्न केलं. काही वर्षांपूर्वी वारले. त्यांना जिवंतपणी गाठून चार गोष्टी विचारता आल्या असत्या तर, ही हळहळ मला अजून आहे.

मग सगळ्यांचं लक्ष भिंतीवरच्या बोधचिन्हाकडे गेलं आणि मंडळी हसायला लागली. एकमेकांना ढोसून हसायला लागली. मला वाटलं, ह्यांना अर्थ कळलेला दिसत नाही. मी उभी राहिले आणि गोड आवाजात ज्ञानमुद्रा, श्रम, शील, शिक्षण, सगळं सांगितलं. रेखानं हातांनी ते त्यांना सांगितलं. एका आजोबांनी हसताहसता टोपी काढून डोळे पुसले. दुसऱ्यांनी टेबलावर डोकं ठेवलं.

"मॅडम, दार लावा," रेखा म्हणाली.

मी दार लावलं.

"तात्यासाहेब तपकीर वढायचं."

"काय?"

"तपकीर. दिवसभर. कोटाच्या खिशात डबी. मग पोरांनी त्यांची खूण काय ठिवावी?" तिनं अंगठा आणि तर्जनीची चिमूट केली, नाकाजवळ नेली, बाकीची बोटं ऐटीत उभी. "हे तात्यासाहेब."

मी भिंतीकडे बघितलं. हात तोच. बोटं तीच. "आणि ते तीन ठिपके?"

"सांडलेली तपकीर."

देवा रे! मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं पदव्यांवर, गेटवर, राष्ट्रीय चर्चासत्रांच्या फलकांवर... आणि त्या कोटावर इतकी वर्षं मी शिंकत होते! मग जे हसू सुटलं ते आवरेना. शिपायानं दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

लक्ष्मीबाईंनी मग सगळी हकिकत सांगितली. तात्यासाहेबांनी वर्गाला संस्थेसाठी चिन्ह काढायला सांगितलं होतं. बिराप्पांनी आपला स्वतःचा डावा हात समोर धरून उजव्या हातानं हे काढलं. वर्गात सगळ्यांना कळलं, सगळे खाली माना घालून बसले. तात्यासाहेब आले. चित्र बघितलं. बिराप्पांकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे बघितलं. त्यांना पोरांच्या खुणा चांगल्या समजायच्या. मग ते खदखदून हसले, खिशातून डबी काढली, चिमूट ओढली आणि चित्राला मान डोलावली. तेवढ्यात मागं उभा असलेला कुणी विद्वान म्हणाला, "वा, ज्ञानमुद्रा!" तात्यासाहेब म्हणाले, "व्हय व्हय, तीच," आणि नंतर पोरांना हे खुणांनी सांगितलं. आणि त्या चिन्हाच्या अनावरणाच्या फोटोत शाळेची सगळी पोरं चिमूट उंचावून उभी आहेत, त्याच्याखाली स्मरणिकेत छापलंय की विद्यार्थी ज्ञानमुद्रेने अभिवादन करताना. पोरं तात्यासाहेबांच्या नावानं जयजयकार करत होती, एवढंच.

मी त्या सगळ्यांना शब्द दिला की हे ह्या खोलीबाहेर जाणार नाही. अभिलेखपालानं कागद लपवायचा नसतो. पण हा कागद नव्हता, त्यामुळं माझ्या मनाला टोचणी लागली नाही.

आता खरी अडचण. त्याच सुमारास नवीन कुलगुरू आले. माणूस सज्जन, पण त्यांना सगळं चकचकीत हवं. त्यांनी इतिहासाचं दालन करायचं ठरवलं, आणि त्यासोबत पुण्याच्या एका जाहिरात कंपनीकडून बोधचिन्ह 'स्वच्छ' करून घेतलं. म्हणजे हात तोच, पण ठिपके काढले आणि करंगळी सरळ केली. मला ते फारसं आवडलं नाही, पण माझा जीव दुसरीकडे गुंतला होता. दालनातल्या फलकावर बोधचिन्हाखाली 'कलाकार अज्ञात' लिहायचं ठरलं होतं, आणि मला तिथं बिराप्पांचं नाव हवं होतं. सबंध नोकरीत हरवलेलं एवढं मोठं नाव मला पहिल्यांदाच सापडलं होतं.

मी रेखाला व्हिडिओ कॉल लावला. लक्ष्मीबाई पलीकडून दिसल्या. मी नव्या चिन्हाचा कागद मोबाईलसमोर धरला, दालन होतंय म्हणून सांगितलं. लक्ष्मीबाईंचा चेहरा एकदम बदलला. हात भराभर चालायला लागले. डोळ्यांत पाणी.

रेखा म्हणाली, "मॅडम, आई म्हणतीय, आबांचं नाव काढू नका. काय बी करा, पर नाव काढू नका."

"पण का?"

"का म्हंजे? नाव काढल्यालं तिला सोसायचं न्हाई."

झालं. मला वाटलं, तपकिरीची भानगड बाहेर येईल म्हणून बाई घाबरली. नवऱ्याच्या नावाला बट्टा नको. माझा हिरमोड झाला, पण कुटुंबाची इच्छा म्हणजे इच्छा. मी म्हटलं, "बरं, नाही काढत. माझ्यावर सोडा." आणि फलकासाठी मजकूर लिहिला, "कलाकाराचे नाव कुटुंबाच्या इच्छेवरून दिलेले नाही."

दालनाचा आराखडा मंजूर करायची बैठक लागली. कुलगुरू, कुलसचिव, भाष्यकार, मी, आणि बहिऱ्या शाळेच्या वतीनं लक्ष्मीबाई आणि रेखा. पडद्यावर नवं चिन्ह आलं. स्वच्छ, गुळगुळीत, करंगळी सरळ.

लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की कुलसचिवांचा चहा बशीत आला. मग माझ्याकडे वळून त्यांचे हात सुटले.

रेखाचा चेहरा लाल झाला होता. "मॅडम, तुमी आईला शब्द दिला हुता. नाव काढणार न्हाई म्हणाला हुता. आनि काढलंच की!"

"मी? अहो, मी कुठं काढलं? बघा हा मजकूर, मी नाव घेतलंच नाही!"

"घ्यायचं कोण म्हणतंय? काढलंय न्हवं तुमी! पुसून काढलंय!"

"काढलं नाही हो! शपथेवर सांगते, ह्या बैठकीत त्यांचं नाव कुणी काढलेलं नाही!"

कुलगुरू एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. लक्ष्मीबाईंनी आमच्या दोघींकडे वैतागून बघितलं, आणि डाव्या हाताची करंगळी वर केली. कुलसचिव चटकन उठले. "आजींना बाहेर जायचंय वाटतं. शिपाई, जरा..."

"आवं, बसा खाली!" रेखा ओरडली. "सारखं काय बाथरूम! त्यो माझा बाप हाय!"

कुणालाच काही कळेना. लक्ष्मीबाईंनी करंगळी तशीच धरली आणि मधल्या पेरात हळूच वाकवली.

"लहानपणी मेंढरांच्या वाड्याच्या फाटकात सापडून आबांची डावी करंगळी वाकडी झाली हुती," रेखा म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "हीच त्यांची खूण. हेच त्यांचं नाव. बिराप्पा हे शाळेच्या दाखल्यावर. आईनं आबांना जन्मात कवा बिराप्पा म्हटलं न्हाई. ती हीच हाक मारायची. आबांनी त्या चिन्हातच आपलं नाव टाकलंय. आनि तुमी ती करंगळी सरळ केली. नाव काढलं."

मी उठले आणि अनावरणाचा मूळ फोटो आणायला गेले. खरं तर डोळे पुसायला गेले. मराठीत नाव काढणं म्हणजे एकीकडे नाव घेणं आणि दुसरीकडे नाव पुसणं. बहिऱ्यांच्या बोलण्यात काही घोळ नव्हता. घोळ ऐकू येणाऱ्यांच्या भाषेत होता. आणि ज्या बाईनं मला पहिल्याच दिवशी दोन-दोनदा नवऱ्याचं नाव सांगितलं, तिला मी दोन्ही वेळा बाथरूमला नेलं होतं!

फोटो टेबलावर ठेवला. कुलगुरूंनी भिंग घेतलं. चिमूट उंचावलेली पोरं, सगळ्यांच्या करंगळ्या सरळ, आणि कडेला एका पोराची डावी करंगळी पेरात वाकलेली, चिन्हात आहे तशीच. भाष्यकार बारीक आवाजात म्हणाले, "विनय..."

"करंगळी पूर्ववत होईल," कुलगुरू म्हणाले. "जुनंच चिन्ह राहील. पण मग आजी, हा बाकीचा हात? त्याचा तुमच्या भाषेत अर्थ काय?"

रेखानं आईकडे बघितलं, आईनं शांतपणे हात हलवले.

"आई म्हणतीय, ही आमच्या तात्यासाहेबांची खूण."

"म्हणजे गुरू आणि शिष्य एकाच हातात!" कुलगुरू भारावून गेले. "आणि हे तीन ठिपके?"

मी मनात म्हटलं, गेलं आता विद्यापीठ! लक्ष्मीबाईंचा चेहरा पूजेला बसल्यासारखा गंभीर. हात सावकाश हलले. रेखानं ओठ चावला, एकदा खोकली आणि म्हणाली, "आई म्हणतीय, तात्यासाहेबांच्या चिमटीतनं जे सांडलं, ते आमी पोरांनी येचून घेतलं."

कुलगुरूंनी चष्मा काढला. भाष्यकारांनी वहीत लिहून घेतलं. मी टेबलाखाली वाकून पडलेलं नसलेलं पेन शोधत राहिले.

एवढं सगळं आता लिहितेय, कारण मी निवृत्त झाले, ते कुलगुरूही गेले, आणि तात्यासाहेबांची तपकीर आता कुणाच्या नाकाला झोंबू नये. ज्यांना शब्द दिला होता त्यातले जे हयात आहेत त्या सगळ्यांना रेखाकडून विचारून घेतलं. लक्ष्मीबाईंचा निरोप आला, "लिही म्हणावं. आनि त्यांचं नाव काढ." रेखानं घाईघाईनं जोडलं, "म्हंजे घ्या. पुसू नका. मॅडम, कळलं न्हवं? परत घोळ नको!"

पण दालनाचं उद्घाटन सांगायचं राहिलंच. त्या दिवशी सभागृह भरलं होतं. कुलगुरूंच्या हौसेनं ठरलं होतं की सगळ्यांनी उभं राहून बोधचिन्हाला ज्ञानमुद्रेनं अभिवादन करायचं. प्राध्यापक, पोरंपोरी, गावोगावचे पाहुणे, सगळ्यांनी गंभीर चेहऱ्यानं चिमटी वर केल्या. पहिल्या रांगेत आमची बहिरी मंडळी. त्यांच्या माना खाली होत्या आणि खांदे हलत होते. लोकांना वाटलं, गहिवरलेत.

लक्ष्मीबाईंना सत्कारासाठी व्यासपीठावर बोलावलं. त्यांनी शाल घेऊन आलेल्या कुलसचिवांना हातानं थांबवलं. माईक बाजूला सरकवला. सभागृहाकडे बघितलं, नापसंतीनं मान हलवली, आपला डावा हात वर धरला आणि करंगळी वाकवली.

पोरांना आधी कळलं. दालनातल्या फलकावर आता बिराप्पांचं नाव आणि त्यांच्या करंगळीची हकिकत होती, ती त्यांनी वाचली होती. एकेकाचा उजवा हात खाली गेला, डावा वर आला, करंगळी वाकली. मग मागच्या रांगा, मग प्राध्यापक, मग कुलगुरू. आवाज म्हणून कुठं नाही, नुसती वाकलेली बोटं. सबंध सभागृह बिराप्पांना हाक मारत होतं.

लक्ष्मीबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मग डोळ्यांत तीच खोडी आली. त्यांनी कानामागं हात धरला, जरा पुढं वाकल्या, ऐकू येत नाही, मोठ्यानं!

पोरं खुर्च्यांवर चढली. शेकडो हात आणखी वर गेले.

मग त्यांनी मान डोलावली. आलं ऐकू. आणि शाल घ्यायला वळल्या.